मापाची चोळी

आक्काला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. ती जायच्या आधी दोन दिवाळ्या ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही, देवापुढेही उघड उच्चारलेलं नाही. लोक समजतात की ती अंगातल्या कडकीनं गेली. मीही तसंच म्हणत आलो.

आता तोच आजार मला झाला आहे आणि मी जिवंत आहे, म्हणून लिहितो. दुखणं कापून काढल्यावर पुढं काय होतं, ते परत येतं का याची वाट बघत माणूस कसा जगतो, हे कुणी सांगत नाही. ज्याला गरज असेल त्यानं हे वाचावं. पण माझ्या दुखण्याची सुरुवात आक्काच्या चोळीपासून होते, म्हणून आधी ती सांगतो.

*

मी शिंपी. सोलापुरात मंगळवार पेठेत आमचं दुकान वडिलांपासून आहे. गिरणीचा पहिला भोंगा झाला की मशीनवर बसायचं, दिवे लागले की उठायचं. बायकांच्या चोळ्या आमच्याकडे पुष्कळ येतात, पण बाई कधी माप द्यायला उभी राहत नाही. जुनी, बसती चोळी गड्याच्या किंवा सासूच्या हाती पाठवायची, शिंप्यानं तिच्यावरून नवी बेतायची, अशी रीत आहे.

जुन्या चोळीवरून शिंप्याला पुष्कळ कळतं. कोण पोटुशी आहे, कोण खंगली, कुणाची बाही दंडाशी ओढून फाडलेली आहे. वडील म्हणायचे, "दत्तू, कापडानं सांगितलेलं शिंप्याच्या तोंडातून बाहेर पडायचं न्हाई. पडलं की दुकान बंद." तो नियम मी जन्मभर पाळला. त्याचा मला अभिमानही होता.

आक्का माझ्यापेक्षा मोठी. टेंभुर्णीला दिलेली. भाऊबीजेची चोळी मी स्वतः शिवायचो. तिची मापाची चोळी दसऱ्याच्या सुमाराला कुणा गाडीवानाबरोबर यायची. एका वर्षी आली ती डाव्या अंगाला उसवलेली होती. शिवणीत आम्ही थोडं जादा कापड दाबून ठेवतो, ते तिनं सगळं मोकळं सोडलं होतं आणि काळ्या दोऱ्यानं वाकडेतिकडे टाके घातले होते. उजवं अंग जसंच्या तसं. बाई सुटली तर दोन्हीकडून सुटते. एकाच अंगानं कुणी सुटत नाही.

मी डावी बाजू दोन बोटं सैल बेतली आणि चोळी शिवली.

भाऊबीजेला मी टेंभुर्णीला गेलो. तिनं मला ओवाळलं. ताट उजव्या हातानं धरलं होतं, डावा हात अंगाशी. दोन्ही हातांनी ओवाळणारी माझी बहीण. मी बघितलं. मी बघितलं हे तिनंही बघितलं. मग म्हणाली, "चोळी बरी बसली रं. कसं कळलं तुला?"

तिनं विचारलं होतं. एवढं उघड दुसरी कुठली बहीण भावाला विचारणार? मी म्हणालो, "माप आलं होतं की." आणि करंजी मोडली.

दुसऱ्या वर्षीची चोळी धुऊन पाठवलेली होती, तरी आतून डाव्या बाजूला तपकिरी डाग होता. वास होता. मी त्या जागचा तुकडा कापून घेतला आणि इस्त्रीच्या निखाऱ्यात टाकला, कारण दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. नवी चोळी शिवताना त्या बाजूला आतून दुहेरी अस्तर घातलं, डाग बाहेर येऊ नये म्हणून. फार नीट शिवलं होतं ते अस्तर.

पुढची दिवाळी तिनं बघितली नाही. वैशाखात गेली. तिची मुलगी गोदी तेव्हा परकर-पोलक्यात होती.

*

माझी गाठ मला बेताच्या फळीवर कळली. कापड कापायला मी फळीवर छाती टेकून वाकतो. डाव्या बाजूला काही टोचलं. वाटलं टाचणी आहे. टाचणी नव्हती. मी दुर्लक्ष केलं, कारण पुरुषाच्या छातीत काय असणार? पण काही दिवसांनी सदरा काढला तर आतून एक तपकिरी डाग होता, रुपयाएवढा.

तो डाग मी ओळखला. त्या क्षणी माझ्या नाकात इस्त्रीच्या कोळशाचा आणि जळक्या कापडाचा वास आला, आणि दुकानात तर इस्त्री पेटवलेलीही नव्हती.

आक्कानं दोन वर्षं अंगावर काढली. मी दुसऱ्याच दिवशी आगगाडीत बसलो. कुठं जायचं ते मला माहीत होतं. तिच्या वेळीही माहीत होतं. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची, छोट्या गाडीत बसायचं, दिवसभर हादरे खात मिशनच्या दवाखान्यात पोचायचं. कुर्डुवाडीच्या स्टेशनाबाहेर टेंभुर्णीच्या बैलगाड्या उभ्या असतात. गाडीवान ओरडत होता, "चला टेंभुर्णी, टेंभुर्णी!" मी पाठ करून उभा राहिलो.

डॉक्टरसाहेब विलायतेचे, गोरे, पण मराठी बोलायचे, पोथीतल्यासारखी. हात लावून, बघून म्हणाले, "हा कॅन्सर आहे असे मला वाटते. पुरुषांनाही होतो. क्वचित होतो, पण होतो." मग विचारलं, "आपल्या घरात हा विकार कोणास होता काय? आई? बहीण?"

मी म्हणालो, "नाही."

ते इतक्या लवकर तोंडातून गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. वडिलांचा नियम असेल. की भीती असेल, की पुढचा प्रश्न येईल: मग तिचं काय केलंत?

*

कापण्याविषयी फार लिहीत नाही. क्लोरोफॉर्मचा गोड वास येतो आणि माणूस विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. जागा होतो तेव्हा डावी बाजू सपाट असते आणि हात दुसऱ्याचा वाटतो. नर्सबाई मला रोज भिंतीपाशी उभं करायच्या. "बोटांनी भिंत चढा, मामा. कालच्या खुणेच्या वर." मी रडत चढायचो. ज्यांचा हात असा झाला असेल त्यांना सांगतो, भिंत चढा. मला आज सुई पुरी ओढता येते ती त्या बाईंमुळे.

घरी सांगितलं, गळू झालं होतं, कापलं. बायको सगुणा पट्टी बदलायची. एकदा खणकन भांडं आपटून म्हणाली, "गळू म्हणे! शिंप्याची बायको हाय मी. उसवलेलं कुठलं न् कापून टाकलेलं कुठलं, कळत नाही व्हय मला?" मी सदरा अंगावर ओढून घेतला. त्यावर ती आणखी चिडली. "तुमच्या घराण्यात सगळे मुकेच की. आक्काबाई तशाच गेल्या."

तिला काही माहीत नव्हतं. नुसतं बोलून गेली. पण मी दोन दिवस तिच्याशी नजर मिळवली नाही.

सदऱ्याच्या आत डाव्या बाजूला मी कापसाची एक गादी शिवून घेतली, छाती सारखी दिसावी म्हणून. आक्काची डावी बाजू मी सैल केली, माझी भरली. हौदावर आंघोळीला बसलो की बंडी काढत नसे. शेजारचा विणकर मल्लय्या ओरडायचा, "दत्तोबा, अंगावरचं उतरवायला शिंप्याला भ्या वाटतंय काय? आमी काय कापड चोरतोय तुमचं?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

*

डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी यायचं. "हा विकार परत येतो. कधी व्रणाजवळ, कधी काखेत, कधी दुसऱ्या बाजूस. लवकर सापडला तर आटोक्यात येतो."

कापणं एकदाच झालं. ही वाट बघणं संपत नाही. पहिला महिना माणूस मोकळा असतो. दुसऱ्यात विसरूही शकतो. तिसरा लागला की प्रत्येक दुखण्याला चेहरा येतो. पाठीत चमक भरली, आलंच. खोकला दोन दिवस टिकला, आलंच. मशीन चालवता चालवता माझा हात आपोआप काखेत जायचा. इतका चाचपायचो की ती जागा दुखायला लागायची, आणि दुखते म्हणून परत चाचपायचो. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "महिन्यातून एकदा, स्नानाच्या वेळी, सावकाश. रोज पाहणाऱ्यास बदल कळत नाही." हा सल्ला मला फार उपयोगी पडला. पाळायला जमलं नाही ते वेगळं.

तपासायच्या वेळी ते डोळे मिटायचे आणि बोटं गळ्याखालच्या हाडावरून, काखेत, मग व्रणावरून फिरवायचे. बोटं कुठं थांबली की मी त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघायचो. मला वाटायचं, आक्काच्या अंगावर कुणाची बोटं अशी थांबली नाहीत.

छातीच्या दुखण्याचे रोगी बहुतेक बायका, म्हणून बसायचा वऱ्हांडा बायकांचा. शिपाई दर खेपेला हटकायचा, "ओ पाव्हणं, हितं बायका बसतात. तुमची बाई कुटंय?" मी म्हणायचो, "येतीय मागनं." आणि खांबाशी बसायचो.

तिथं गंगव्वा भेटली. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी वळणाचं बोलणारी, तोंडात कायम पान. तिचंही कापलं होतं. तिसऱ्या खेपेला ती सरळ माझ्यापुढं येऊन बसली.

"काय वो, तुमची बायको दर डाव मागनं येती म्हणता. कुठं अडकली ती? गाडीखाली?"

बायका हसल्या. मी खाली बघितलं. गंगव्वानं माझ्या छातीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि तिचं हसू गेलं.

"शिव शिव. तुमालाच हाय की."

मी मान हलवली. तिनं गाठोडं सोडलं. मग शेंगाची चटणी लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खावा. आता लाजू नका. आमच्यातलेच झाला तुमी."

त्या दुखण्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी दया म्हणजे ती अर्धी भाकरी.

खाता खाता तिनं विचारलं, "घरात कुणाला हुतं?"

"नाही," मी म्हणालो. परत.

"माज्या आईला हुतं. कुणी बोललं नाही. वास यायला लागला तवा सगळ्यास्नी कळलं. म्हणून मी लवकर आले बगा. आणि माज्या पोरीला सांगून ठेवलंय, लाज गेली चुलीत, आंघोळीला हात फिरवून बगत जा. आईचं लेकीकडं येतंय कवा कवा, असं डॉक्टर म्हणालेत." ती माझ्याकडे वळली. "तुमच्यात कुणाची लेक न्हाई ना अशी?"

मी म्हणालो, नाही. एका वऱ्हांड्यात, तिची भाकरी हातात धरून, मी दोनदा खोटं बोललो.

पुढच्या खेपेला खांबाशी जागा रिकामी होती. शिपायाला विचारलं, "गंगव्वा?" त्यानं नुसता वर हात केला. त्या दिवशी डॉक्टरांची बोटं कुठंही थांबली नाहीत. "उत्तम आहे," ते म्हणाले. मला ते उत्तम सहन झालं नाही.

*

आक्का गेल्यावर भाऊबीजेची चोळी मी गोदीला देत आलो. आता ती टेंभुर्णीतच आपल्या आत्याची सून म्हणून नांदते, दोन लेकरांची आई आहे. यंदा दसऱ्यानंतर तिची मापाची चोळी आली. मी फळीवर पसरली.

उजवी बाजू उसवलेली होती. काळा दोरा. वाकडेतिकडे टाके. आईचाच हात.

मी कात्री उचलली आणि ठेवली. सगुणा आतून म्हणाली, "काय झालं? बसला का असे?" मी म्हणालो, "टेंभुर्णीला जाऊन येतो."

"चोळी न शिवता?"

"न शिवताच."

*

कुर्डुवाडीला उतरलो आणि ज्या गाडीवानाकडे दर खेपेला पाठ केली त्याच्या गाडीत बसलो.

गोदी गोठ्यापाशी शेण भरत होती. मला बघून हात पुसत आली. "मामा? आवो, भाऊबीजेला वेळ हाय की आजून! मामी बरी हाय न्हवं?"

मी तिला परसात नेलं. काय बोलायचं ते गाडीत शंभर वेळा जुळवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही. म्हणालो, "गोदे, उजव्या बाजूला काय हाय?"

तिचा चेहरा उतरला. पदर पुढं ओढून ती भिंतीकडे वळली. "मामा, आसलं काय इचारताय? मामानं इचारायचं आसतंय व्हय?"

"नसतंय," मी म्हणालो. "म्हणून तर आलो."

मी सदरा काढला. कापसाची गादी बाजूला केली. उजेडात तो व्रण मी सगुणेखेरीज कुणाला दाखवला नव्हता. गोदी बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आयलाबी आसलंच... मी बारीक हुते. फडकी मीच धूत हुते वढ्यावर."

म्हणजे तिलाही थोडं ठाऊक होतं. एवढ्याशा पोरीला.

"किती दिवस झालं?"

"पोराचं अंगावरचं तोडल्यापासनं. दुखत न्हाई. म्हून म्हनलं आसंल काय तरी."

सासू दारात आली. "काय चाललंय परसात? सदरा काढून?" मी तसाच उघडा तिच्यापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, माझं दुखणं, कापणं, तपासण्या. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई बाई! बापयाला बी?" मग पदर खोचत म्हणाली, "न्यावा मग. पर मी संगं येणार. एकली सोडायची न्हाई."

*

गोदीला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. या खेपेला मी बायकांच्या वऱ्हांड्यात मोकळा बसलो. माझी बाई खरंच आत होती. शिपाई म्हणाला, "आली म्हणा की एकदाची!"

गाठ छोटी होती, काढली. काचेखाली बघायला पाठवली. उत्तर यायला लागलेल्या दिवसांत मी जेवढा भ्यालो तेवढा स्वतःच्या तपासणीला कधी भ्यालो नव्हतो. उत्तर आलं: दुधाची गाठ, वाईट नाही.

पण डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "ही आपली भाची. हिच्या आईस काय झाले होते?"

"हेच," मी म्हणालो.

त्यांनी माझा जुना कागद काढून पुढं ठेवला. "मी आपणास विचारले होते."

"होय."

"मग हिने आपल्यासारखेच येत राहिले पाहिजे. आज वाईट नाही, याचा अर्थ कधीच नाही असा होत नाही."

म्हणून आता आम्ही दोघं जातो. ती कुर्डुवाडीला चढते, भाकरी बांधून आणते. तिची सासू सोबतीला असते आणि सबंध वाटभर मिशनच्या दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवते. व्रण दोघांचेही शांत आहेत. हे लिहितो तेव्हाची गोष्ट. पुढची तपासणी जवळ आली आहे आणि माझ्या पाठीत चमक भरते आहे.

ज्याला हे दुखणं झालं असेल त्याला माझं एवढंच सांगणं: तुम्हाला घरात कुणाला होतं असं विचारतील. खरं सांगा. मेलेल्या माणसाची त्यात बेअब्रू नाही.

गेल्या खेपेला परतीच्या गाडीत सासूला झोप लागली होती. गोदी खिडकीशी बसून म्हणाली, "मामा, तुमी चोळीवरनं वळकलंत म्हून मी वाचले. आयला काय झालंय ते कुनालाच कळलं न्हाई बगा. तुमाला कळलं आसतं तर तुमी तिलाबी आनलं आसतं."

मी म्हणालो, "हो."

आक्काच्या दोन्ही चोळ्या मला कळल्या होत्या. दुसरीला मी अस्तर लावलं. गोदीला वाचता येत नाही, तेव्हा हे छापून माझी सुटका होणार नाही. तिला ते मी समोर बसून, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.